जाळीजवळची चार बोटं

पहिला ठोसा योगीराज सरांच्या नाकावर बसला. दुसरा बसायच्या आत ते टेबलावर आडवे झाले आणि ओला हिरवा रंग त्यांच्या पांढऱ्या शर्टाला लागला. व्यंकटीनं कॉलर सोडली नाही.

"हितंच दाबून धरला व्हता ना तिचा हात? हितंच ना?" असं म्हणत त्यानं सरांचा हात टेबलाच्या मधोमध, जाळी लावतात तिथं, आपटला. एकदा, मग परत एकदा.

सोनपेठच्या त्या शाळेत टेबल टेनिसचं एकुलतं एक टेबल होतं. सोमवारी त्यावर तालुक्याचे सामने व्हायचे होते, म्हणून त्याला नवा रंग द्यायचा होता. व्यंकटी हिवाळ्यात ऊसतोडीला जातो आणि बाकीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो. ट्रॉली अशी चकचकीत करतो, की तिच्यात बघून भांग पाडावा. टेबलाला मात्र चमक चालत नाही, चेंडू घसरतो, असं खेळाच्या योगीराज सरांनी त्याला बजावलं होतं. त्यानं मुकाट ऐकलं. त्याची लेक सृष्टी नववीत होती आणि याच टेबलावर जिंकली तर जिल्ह्याला जाणार होती. म्हणून तर हे काम त्यानं स्वतःहून मागून घेतलं होतं.

अर्धं टेबल रंगवून झालं. उरलेल्या अर्ध्यावर तो पॉलिश पेपर फिरवायला लागला, तेव्हा जाळीच्या जागेजवळ त्याला डाग दिसला. तिथला जुना रंग कधीच उडाला होता. उघड्या लाकडात काळपट तपकिरी ओघळ मुरले होते. एक नाही, चार, शेजारी शेजारी, ओढत नेलेल्या बोटांचे असावेत तसे. त्यानं घासून पाहिलं. घरून आणलेल्या लोखंडी पत्तीनं खरवडून पाहिलं. डाग जाईना. कोयत्याच्या मुठीत मुरलेलं रक्त त्यानं उभी हयात पाहिलं होतं. हे काय आहे, ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

मग त्याला सृष्टीचा डावा हात आठवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, ती तळहाताला पट्टी बांधूनच. काय झालं विचारलं, तर "शाळेत लागलं" म्हणाली आणि आत गेली. सकाळी ती निघाली, तेव्हा तो अजून झोपेतच होता. आदल्या दिवशी त्याला जरा जास्त झाली होती. आपण वर्षातून दोनचारदाच पितो, असं व्यंकटी सांगतो. त्याची बायको सविता काहीच सांगत नाही.

तेवढ्यात सर आले. डाग बघून त्यांचा चेहरा उतरला.

"ते खरवडत बसू नका, व्यंकटराव. वरून दोन हात मारा आणि मोकळे व्हा. आणि पोरीपुढं हा विषय काढू नका."

चोराच्या मनात चांदणं! व्यंकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर कडक आहेत हे सगळं गाव जाणून होतं. एक गुण गेला की मैदानाला पाच चकरा. पण लेकराचा हात दाबून धरायचा आणि रक्त निघेपर्यंत मारायचं? असल्या माणसाला सोडायचं कसं? कोणताही बाप उठला असता. व्यंकटीही उठला.

शिपाई मुंजाजी धावत आला आणि त्यानं मागून व्यंकटीच्या कमरेला मिठी घातली. व्यंकटीनं कोपर असं हाणलं, की बिचारा भिंतीपाशी जाऊन बसला. सरांच्या तोंडात रक्त आलं होतं. सहा फुटांचा गडी, मनात आणलं असतं तर त्यांनी व्यंकटीला उचलून बाहेर फेकलं असतं. पण त्यांनी हात उगारला नाही.

"ऐकून तरी घ्या," ते म्हणाले. "तिथं चेंडू फारसा पडत नाही. म्हणून खेळताना सगळी पोरं तिथंच तळहात पुसतात. घाम पुसायची जागा आहे ती."

"घाम लाल असतो काय रे?"

सरांनी दाराकडं पाहिलं आणि मान खाली घातली. दारात सृष्टी उभी होती. व्यंकटीनं तिच्याकडं पाहिलंच नाही. याच्यापाशी उत्तर नाही, एवढंच त्याला कळलं. त्यानं टेबलावरची पत्ती उचलली आणि हात डोक्याच्या वर नेला.

सृष्टी किंचाळली नाही. पळत आली आणि दोघांच्या मधे घुसली. पत्तीच्या समोर तिनं डावा तळहात उघडून धरला. टाक्यांची लाल रेघ अंगठ्यापासून करंगळीपर्यंत गेली होती. व्यंकटीचा हात वरच थांबला.

"मी चिंधी बांधून शाळेत आले व्हते, पप्पा. खेळताना रगत आलं, ते हितं पुसलं. टाके सरांनी घालून आणले," ती म्हणाली. "कुणाला सांगू नका म्हणून मीच त्यांच्या पाया पडले. आता मारायचंच असंल तर मारा. पोळ्याला आईवर हीच पत्ती उगारली व्हती तुमी, तवाबी मधी हाच हात आलता."