ताहेरभाईंचा हात

उदगीरच्या आमच्या मैदानावर व्हॉलीबॉलची जाळी लिफ्टरच्या हातानं मोजून बांधतात. लिफ्टर म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारा. तो हात वर करतो, बोटं पोचतील तिथं वरची दोरी. मी खेळायला लागल्यापासून तो हात ताहेरभाईंचा. औंदा लातूर, लोहा, देवणी, सगळीकडच्या सामन्यांत आमचे स्मॅश जाळीतच अडकले. "म्हाताऱ्याची लिफ्ट कमी पडते," पोरं माघारी बोलायची. तोंडावर कोण बोलणार? खेळ त्यांनीच शिकवलेला. देवणीहून परतल्यावर कप्तान भागवतनं टेप लावला. आमचीच सरावाची जाळी नियमापेक्षा चार बोटं खाली निघाली. "दोरी ढिली झाली असंल, भाई," तो म्हणाला. ताहेरभाईंनी उजवा हात उचलला. कोपर सरळ होईना. "दोरीला कशाला बदनाम करायलास?" मग राखीव लिफ्टर हरिओमला त्यांनी जाळीखाली उभं केलं, दोरीची गाठ सोडली आणि म्हणाले, "हात वर कर."