एक्केचाळीस नवरे

"ह्याचं काही बघायला नको, डॉक्टर. ह्याचं सगळं ठीक आहे. तुम्हीच तसं लिहून दिलंय." सासूबाईंनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. कागद चक्क लॅमिनेट केलेला होता. "आठ वर्षं जपलाय."

डॉक्टरबाईंनी चष्मा लावला. कागद त्यांच्याच अभ्यासातला होता. मूल न होणाऱ्या तीनशे बारा जोडप्यांचा तो अभ्यास एका नामांकित नियतकालिकात छापून आला, त्यावर भाषणं झाली, आणि त्याच्याच जोरावर त्या विभागप्रमुख झाल्या. भाग घेतलेल्या प्रत्येक जोडप्याला शेवटी असा एक कागद दिला होता. ह्यावर क्रमांक होता दोनशे सात. पती : दोष नाही. पत्नी : कारण अनिश्चित. खाली त्यांची सही, चांगली ऐटदार.

"पहिलीला सात वर्षं सांभाळलं," सासूबाई सांगत होत्या. "लोक म्हणायचे, पाठवा तिला माहेरी. मी म्हटलं, उगाच आळ नको, डॉक्टरांचा कागद येऊ दे. आम्ही काही तसली माणसं नाही हो. कागद आला, ह्याच्यात दोष नाही म्हटल्यावर मग खोट कुणात, ते उघडच झालं. तेव्हा पाठवली." त्यांनी शेजारी बसलेल्या सुनेकडे हात केला. "आता हिलाही तीन वर्षं झाली. दुर्बीण घालून बघायची म्हणतात. उद्याच उरकून टाका."

सून खुर्चीच्या कडेवर बसली होती, मांडीवर फाइल घेऊन. नवरा भिंतीकडच्या खुर्चीत, मान खाली घालून बुटांचं निरीक्षण करत होता. त्याचे कान लाल झाले होते. ते कान पाहिले आणि डॉक्टरबाईंना आठवलं. दोनशे सात हा त्या एक्केचाळिसांतलाच होता.

अभ्यास संपत आला तेव्हा एक्केचाळीस नवऱ्यांचा रकाना कोरा होता. बायका नेमाने येत, रक्त देत, पुन्हा बोलावलं की पुन्हा येत. नवऱ्यांना मात्र सवड नव्हती. कुणाला रजा मिळेना, कुणी फिरतीवर, कुणी सरळच विचारी, मला काय धाड भरलीय? त्यांना वगळावं तर उरत होती दोनशे एकाहत्तर जोडपी, आणि तीनशेच्या वरच्या आकड्याचं वजन काही वेगळंच. विचारलं होतं ना प्रत्येकाला, ठणठणीत आहे म्हणाला ना, अशी स्वतःची समजूत घालून डॉक्टरबाईंनी एका दुपारी एक्केचाळीस रकान्यांत एकच वाक्य लिहून काढलं. चहा निवायच्या आत काम झालं होतं.

आणि हा इसम! न दिलेल्या परीक्षेत पास झाल्याचा दाखला आठ वर्षं घरात होता, आणि ह्याने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. त्याने एकदाच मान वर करून डॉक्टरबाईंकडे पाहिलं. सांभाळून घ्या, असं ती नजर म्हणत होती. दोन चोर एकमेकांकडे बघतात तसं ते बघणं होतं, आणि डॉक्टरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेळ मारून नेता आली असती. नियम बदललेत, पुन्हा एकदा तपासू, एवढं म्हटलं की झालं. त्यांनी तोंड उघडलंही तेवढ्यासाठीच.

"दुर्बिणीचं फार दुखतं का हो?" सुनेने हळूच विचारलं.

"तुमची दुर्बीण होणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग एका दमात पुढचं. "ह्यांची तपासणी कधी झालीच नव्हती. मी न तपासता लिहिलं."

"असं कसं? छापून आलं होतं ना तुमचं ते?" सासूबाई म्हणाल्या.

"हो. छापायला दिलं तेही मीच."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. "अरे, तू बोलला नाहीस ते?"

"आई, चल घरी," तो उठत म्हणाला.

सून उठली नाही. "नमुना कुठे द्यायचा असतो?" तिने डॉक्टरबाईंना विचारलं, आणि नवऱ्याकडे न बघता हातातली फाइल त्याच्यापुढे धरली.

"डावीकडे, शेवटची खोली."

ते गेल्यावर डॉक्टरबाईंनी कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं. संपादकांना पत्र लिहायचं होतं, वरिष्ठांना सांगायचं होतं. खुर्ची जाणार, नाव जाणार, लोक तोंडावर हसणार. ह्या सगळ्याची त्यांना फारशी भीती वाटली नाही. भीती वाटली ती दोनशे सातच्या ओळीत पहिलीच्या नावापुढे लिहिलेल्या फोन नंबरची. नंबर आता बदलला असेल तर बरं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचीही लाज वाटली.

दुसऱ्याच घंटीला फोन उचलला गेला. डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, कुणीतरी लगबगीने उभं राहिल्यासारखा.

"डॉक्टर, तुम्ही? माझं काही द्यायचं राहिलंय का? सांगा ना. उद्या सकाळी उपाशीपोटीच येते."