केतकीचा आवाज

“अहो, सिनेमातल्या मुलीला हिनंच आवाज दिलाय!” वृंदानं लेकीला कौतुकानं पुढे केलं.

“असेल ताई. पण अठराच्या आतलं कुणी सोडत नाही आम्ही,” डोअरकीपर म्हणाला. “असलं काही बघून लेकरं झोपेत दचकतात.”

नऊ वर्षांची केतकी रडली नाही की रुसली नाही. सुटका झाल्यासारखी ती बाबांचा हात धरून बाहेर गेली. वृंदा एकटीच आत जाऊन बसली.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. हातात पट्टा घेतलेला काका आणि पलंगाखाली दडलेली मुलगी. स्टुडिओत हाच तुकडा केतकीला पुन्हा पुन्हा दाखवला होता, मनासारखी किंकाळी मिळेपर्यंत. दर वेळी ती काचेपलीकडे बघायची आणि तिथून वृंदा अंगठा उंचावून तिला धीर द्यायची. शेवटी पोर अशी काही ओरडली, की दिग्दर्शक म्हणाले, “ही नाव काढणार!”

आता अंधारात तीच किंकाळी घुमली. “आई, ये ना! आई!” शेजारच्या बाईनं डोळे पुसले.

वृंदा मात्र थिजली. स्टुडिओत तिला वाटलं होतं, हे शब्द संवादातलेच असतील. सिनेमाची गोष्ट तिला आज कळली होती. पडद्यावरच्या मुलीला आई नव्हतीच. तिला जन्म देतानाच ती गेली होती.

ती हाक काचेपलीकडे अंगठा दाखवत बसलेल्या बाईला होती.