पत्त्यातला पहिला शब्द

एक स्वच्छ एक्स-रे सापडला, की नत्थूचं बरंच वसूल होणार होतं. उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये तो लागला तेव्हाचा, पहिल्या वर्षाचा. छातीतली धूळ मिलचीच, हे त्यानं सिद्ध झालं असतं. भरपाई, औषधपाणी, शिवाय ‘बिडीनं झालं’ म्हणणाऱ्या मिलच्या वकिलाचं तोंड बंद. जन्मात बिडी न ओढलेल्या नत्थूला ही शेवटची कमाईच मोठी वाटत होती.

मिल दर वर्षी कामगारांची तपासणी करवी. सात वर्षं, सात फोटो. मिलकडच्या प्रती आता ‘सापडत नव्हत्या’. राहिली समता कॉलोनीतली लॅब, जिथं हे फोटो निघत. तिथले कॉम्प्युटर नत्थूचीच मुलगी मोनाली सांभाळायची. फोटो निघाला की इंटरनेटवर जायचा आणि पडद्यावर हिरवं ‘हव’, म्हणजे ‘हो, झालं’, उमटायचं. ही तिच्याआधी हे काम करणाऱ्या देवीदासची हौस. प्रोग्राम लिहून तो हैदराबादला गेला. फोटो कुठल्या सेवेत जातात ते सांगायचं राहिलं. जुना फोटो आजवर कुणी मागितलाच नव्हता.

“भेटला का वं?” बाकावरून नत्थू खोकत म्हणाला. “उद्या सुनावणी हाये.”

“कोडमध्ये पता तर मिल गया, बाबा. दो मिनट रुको ना.”

पत्ता सरळ होता. पहिला शब्द सेवेचा, दुसरा शहराचा, तिसरा ही सेवा देणाऱ्या कंपनीचा. पहिला शब्द ‘क्यूएस’. एस म्हणजे स्टोरेज. क्यू म्हणजे क्विक असेल. झटपट कोठार! मोनालीला हसू आलं. खात्रीसाठी तिनं कंपनीच्या यादीत तो शब्द शोधला.

क्यू म्हणजे क्यूच. रांग. एस म्हणजे सर्व्हिस. पाठवलेली वस्तू इथे चौदा दिवस रांगेत उभी राहते. कुणी उचलून कोठारात ठेवली तर ठीक, नाहीतर पुसली जाते. उचलणारा प्रोग्राम देवीदासनं लिहिलाच नव्हता. ‘हव’ म्हणजे नुसतं रांगेत लागलं.

“काय निघालं वं?”

“बाबा, तुमचा फोटो... लाइन में था.”

“मंग? थांबतो न मी. लायनीत उभं राहाची सवय हाये मले.”

मोनालीनं पडदा बंद केला. सात वर्षांत मिलला तपासणीचा शिक्का मिळाला, लॅबला बिल, देवीदासला पुढची नोकरी. भरला तो फक्त श्वास, एकट्या नत्थूनं. दर वर्षी, ‘सांस भरो, रोको’ म्हटलं की, छातीभर.