अंगणातलं तेल

त्रिनिदादमधल्या दोन कॉर्पोरेशनांची हद्द नेमकी सुकदाया आजीच्या अंगणातून जाते. रस्ता असा उखडलेला, की टॅक्सीवाले वळणावरूनच हात जोडत आणि आजीच्या आजारी म्हाताऱ्याला इस्पितळात न्यायचं तर खाटेवर घालून न्यावं लागे. पूर्वेचा नगरसेवक गिटन्स म्हणाला, "आजी, रस्ता पश्चिमेचा." पश्चिमेचा मोहिप म्हणाला, "छे, पूर्वेचा! खड्ड्यात केळ लावा, सगळे तेच करतात." आजीने केळ लावली. केळीला घड आला, रस्ता काही आला नाही.

मग एके सकाळी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशा शेजारणीला आजीने अंगणातलं डबकं दाखवलं. "जमिनीतून तेल येतंय बाई. कुणाला बोलू नकोस."

दुपारी दोन्ही नगरसेवक धापा टाकत हजर!

"अंगण आमच्या हद्दीत!"

"तोंड बघा हद्द सांगणाऱ्याचं!"

"भांडता कशाला?" आजी म्हणाली. "ज्याच्या रस्त्याने टँकर येईल, त्याचं तेल."

आठवडाभरात पूर्वेकडून एक नि पश्चिमेकडून एक, असे दोन गुळगुळीत डांबरी रस्ते आजीच्या दाराशी येऊन भिडले. पहिल्याच टॅक्सीने म्हातारा इस्पितळात गेला.

तेव्हा कुठे गिटन्सने डबक्यात बोट बुडवून हुंगलं. "आजी, हे तर स्टोव्हचं रॉकेल!"

"हो रे बाळा," आजी म्हणाली. "अर्धीच बाटली ओतली होती. तेवढ्यात दोन कॉर्पोरेशनं हलली."