उठवायची घाई

शालिग्रामनं माउस दाबून पडद्यावरच्या एका बारक्या चौकटीतली खूण काढली आणि खुर्ची मागे सारली.

"झालं, ताई. आता हा आपल्या मनानं सुरू होनार नाही."

बेबीताई पडद्याजवळ आल्या. उंद्रीच्या स्टँडसमोरचं त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान या एका कॉम्प्युटरवर चालायचं, आणि तो रोज मध्येच दगा द्यायचा. डोळ्याचं पातं लवेस्तोवर पडदा निळा, मग काळा, मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. अर्धी पत्रिका जायची, पण निदान उठून तरी बसायचा. बुलढाण्याहून दुरुस्तीला माणूस बोलावला, तर त्यानं तेवढंही काढून घेतलं.

"मंग पडला तर?"

"पडू द्या. लगेच उठत होता, म्हनून त्याले काय होऊन राह्यलं ते कोनाले दिसलंच नाही. आता निळा पडदा तसाच थांबंन. त्याच्यावर काय लिहून येते ते पाहा. उठवाची घाई करू नका."

कोपऱ्यात पत्रिकांचा गठ्ठा कटरखाली सरकवत त्यांचा नवरा इंद्रभान हसला. "तिले तेच जमत नाही. मी जमिनीले टेकाच्या आत नाकाले कांदा."

बेबीताई हसल्या नाहीत. दिवाळीपासून तो असाच मध्येच शुद्ध हरपून पडत होता. त्या कांदा फोडून हुंगवायच्या. तो उठायचा, पँट झटकायचा, चहा मागायचा. एकदा दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी विचारलं, नेमकं काय होतं? त्याला आठवत नव्हतं. बेबीताईंना कांदा तेवढा आठवत होता. ताकदीच्या गोळ्या घेऊन दोघं परत आले होते.

कटरचा आवाज थांबला.

वळायच्या आधीच त्यांना कळलं. शालिग्रामनं झडप घालून इंद्रभानला पात्यापासून ओढलं आणि खाली कुशीवर निजवलं. बेबीताईंच्या हातानं ड्रॉवर उघडलासुद्धा होता. मुठीत कांदा.

"ताई, लावा ना लवकर," शालिग्राम घाबरून म्हणाला.

त्या खाली बसल्या. कांदा हातातून सुटून टेबलाखाली गेला. आजवर कधी हे तोंड त्यांनी पाहिलंच नव्हतं. ओठाचा कोपरा कोणी दोरीनं ओढावा तसा उडत होता. डोळे उघडे होते आणि त्यांत इंद्रभान नव्हता. पळून जावंसं वाटलं. नजर मात्र त्यांनी हलू दिली नाही.

"लिहून घ्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "डोळे डावीकडं गेले. आधी उजवा हात उडाला."