जुना पत्ता

ऑफिसातले काका निवृत्त व्हायच्या दिवशीही मला साइटच्या नावावरून मशीनचा पत्ता सांगणारा नेमसर्व्हर बसवायला शिकवत होते. माझ्या डोक्याचा पार भुगा झालेला. कसंबसं आमच्या साइटचं नाव नव्या मशीनच्या पत्त्याला जोडलं आणि ‘सुटले एकदाची’ म्हणत जुनं मशीन बंद करायला गेले, तर काका ओरडलेच. “अगं थांब! बाहेरच्या सर्व्हरनी जुना पत्ता पाठ केलाय. तो विसरेपर्यंत लोक तिथंच येणार. दार उघडायला कुणी नको?” संध्याकाळी गुच्छ घेऊन ते गेले. सकाळी साहेब म्हणाले, “त्यांचं टेबल रिकामं करून टाका.” जांभई दाबत मी खण उघडला, तोच दारात काका, हातात नेहमीचा डबा. उघडा खण पाहून ओशाळले. “पाय आपोआप इकडेच वळले गं... बरं, जुनं मशीन चालू ठेवलंयस ना?” मी खण लोटला, खुर्ची पुढे सरकवली. “ठेवलंय, काका. बसा.”